वाट बघण्याची रेघ

पेंद्याला तिसरा झटका आला तेव्हा माझं संध्याकाळचं चौथं आवर्तन चाललं होतं. बासष्टावं नाव ओठांवर होतं आणि पाटाच्या कोपऱ्याशी काहीतरी खडखडायला लागलं. बघते तर त्याची नखं फरशीवर वाजत होती. चारही पाय ताठ, मान मागे, तोंडाला फेस, आंधळे डोळे छताकडे लागलेले.

"अहो, मध!" मी ओरडले. मला ओरडता येतं हे मलाच त्या पंधरवड्यात कळलं होतं.

हे गॅलरीतून धावत आले. मधाची बाटली हल्ली देवघराच्या कट्ट्यावरच असते. बोटावर मध घेऊन ह्यांनी त्याच्या हिरड्यांना चोळला. मी डोकं धरून बसले. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर त्याची साखर दिसत होती, बेचाळीस. मग पंचेचाळीस, एकावन्न. दहा मिनिटांनी पेंद्या उठला, भिंतीला खांदा घासत एक गिरकी घेतली आणि जणू आम्हीच पडलो होतो अशा थाटात आम्हा दोघांना हुंगायला लागला.

"झालं ना आता?" हे मध पुसत म्हणाले. "का अजून आहे तुझं?"

"दोन राहिलीत. आणि हे अर्धं."

"तो मरता मरता वाचला, कुमुद."

"म्हणून तर करायचीत," मी म्हणाले.

ह्यांनी हात जोडले, देवाला नव्हे, मला, आणि गॅलरीत निघून गेले. मी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. आवर्तन संपलं की देवापुढचं तुळशीचं पान उचलून पेंद्याच्या जिभेवर ठेवायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. ते पान त्याने त्या दिवशीही मिटक्या मारत खाल्लं.

पेंद्या आमच्याकडे आला त्याला बारा वर्षं झाली. मिरजेला आमच्या सोसायटीच्या फाटकात एक पाय उचलून बसलेलं कुत्र्याचं पिल्लू. आमच्या देवघरात पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे, म्हणून त्याच्या लंगड्या सवंगड्याचं नाव याला दिलं. सकाळ-संध्याकाळ मी बाळकृष्णाची एकशेआठ नावं म्हणायची, मग पान, मग पेंद्याची थाळी. बारा वर्षांत हा क्रम मोडला तो फक्त मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा, चार दिवस.

दहाव्या वर्षी तो घमेलंभर पाणी प्यायला लागला आणि घरात ओलं करायला लागला. मधुमेह. मग सकाळी सातला एक सुई, संध्याकाळी सातला एक सुई. आधी त्याने खायचं, मग सुई. नाही खाल्लं तर सुई अर्धी, आणि आपण दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. दोन वर्षं आम्ही दोघं मिळून कुठेही गेलो नाही. भाचीच्या लग्नाला हे गेले, मी राहिले. बारशाला मी गेले, तेही दोन थाळ्यांच्या मधल्या वेळात, हे राहिले. एवढं करूनही साखर कधी साडेचारशे, कधी साठ. त्यातच त्याचे डोळे गेले. दोन महिन्यांत दोन्ही बुबुळं दुधासारखी झाली. मूत्रपिंडंही थकत चालली होती. सुयांवर फार तर सहा महिने, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनीच शेंगेचं सुचवलं.

शेंग म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगते. जनावराच्याच कातडीतल्या चार पेशी घेतात आणि प्रयोगशाळेत त्यांना इन्सुलिन करायला शिकवतात. या पेशींना आणखी एक खोड लावलेली असते. निळा उजेड पडला की त्या इन्सुलिन सोडतात, अंधार झाला की थांबतात. अशा काही लाख पेशी आणि तांदळाच्या दाण्याएवढा निळा दिवा एका मऊ नळीत भरतात. नळी चवळीच्या शेंगेएवढी, म्हणून तिचं नाव शेंग. ती मानेच्या कातडीखाली बसवतात.

अवघड भाग पुढेच आहे. दिवा लावायचा कधी? रक्तात साखर चढल्यावर लावला तर उशीर होतो, इन्सुलिन मागे आणि साखर पुढे अशी शर्यत दिवसभर चालते. निरोगी शरीर असं थांबत नाही. ताटाचा आवाज आला, फोडणीचा वास आला, की मेंदू मानेतल्या एका नसेतून पोटाला सांगावा धाडतो की येतंय, तयार राहा. घास तोंडात जायच्या आधीच थोडं इन्सुलिन सुटलेलं असतं. शेंगेची एक बारीक तार त्या नसेला गुंडाळलेली असते. सांगावा आला की दिवा लागतो. शेंग साखरही मोजते, आणि ते आकडे घरच्या आणि डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतात.

"म्हणजे व्हॉल्व्हमन," हे म्हणाले होते. हे पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. "टाकी भरायच्या आधीच लाईन सोडायची. आम्ही हेच करायचो, आम्हाला कुणी शास्त्रज्ञ नाही म्हणालं."

"कुत्र्याच्या मानेत शेंग," खालच्या मजल्यावरच्या शेवंतावहिनी म्हणाल्या, "आणि माझ्या गुडघ्याला दवाखाना नुसत्या तारखा देतोय. पुढच्या जन्मी तुमच्या दारात येऊन लंगडते बघा."

ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर नवस बोलले. पेंद्या भूल उतरून उठला, तर कार्तिकाच्या पाडव्यापासून अठ्ठेचाळीस दिवस रोज अकरा आवर्तनं करीन, प्रत्येक आवर्तनाला एक तुळशीचं पान. पेंद्या उठला. दोन महिने त्याची साखर अशी राहिली की डॉक्टर तो आलेख इतरांना दाखवायच्या. मग पाडवा आला, मी नवस फेडायला बसले. सकाळी पाच आवर्तनं, संध्याकाळी सहा. पाचव्या दिवशी पहिला झटका आला.

तिसऱ्या झटक्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो.

"पेंद्या कुरणे!" कंपाउंडरने पुकारलं. पेंद्याने आपलं नाव ऐकून शेपटी हलवली.

डॉक्टर नाझिया मुजावर वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. त्या कधी घाईत नसतात, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी पडद्यावर पंधरा दिवसांचा आलेख काढला. त्यात दोन रेघा होत्या, एक साखरेची आणि एक नसेतून जाणाऱ्या सांगाव्याची.

"काकू, ही खालची रेघ बघा. हिला आम्ही वाट बघण्याची रेघ म्हणतो. त्याला वाटलं आता खायला मिळणार, की ही वर जाते. दिवसातून दोनदा जायला हवी. पाडव्यापर्यंत दोनदाच जातेय. त्यानंतर मोजा."

मी मोजलं. सकाळी पाच टेकड्या, संध्याकाळी सहा. मला एकदम तहान लागली.

"दर वेळी दिवा लागतो, थोडं इन्सुलिन सुटतं," त्या सांगत होत्या. "साखर उतरली की शेंग दिवा विझवते, पण सुटलेलं परत घेता येत नाही. अकरा वेळा थोडं थोडं म्हणजे पुष्कळ झालं. यंत्रात बिघाड असेल असं मी धरून चालले होते, पण सगळं तपासलं, यंत्र ठीक आहे. या वेळी घरात काय करता तुम्ही?"

"ही देवाशी बोलते," हे म्हणाले.

"अहो."

"मग काय खोटं सांगू? डॉक्टर, पाच सकाळी, सहा संध्याकाळी. हिचा नवस."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काकू, इथे म्हणाल? थोडंसंच?"

दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर पेंद्या आडवा होता. त्याला त्या जागेची भीती वाटते. कान मागे, शेपटी पायात. मी डोळे मिटले आणि नेहमीच्या चालीत नावं म्हणायला लागले, पहिलं, दुसरं, तिसरं. सातव्या-आठव्या नावाशी ह्यांनी माझं मनगट धरलं. डोळे उघडले तर पेंद्याने मान उचलली होती, जीभ ओठांवरून फिरत होती, आणि पडद्यावरची रेघ उभी वर चालली होती.

"बास, काकू, बास," डॉक्टर घाईने म्हणाल्या आणि स्वतः उठून त्याला बिस्किटाचा चुरा दिला.

"शेंगेत माइक आहे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो काका. यंत्र काही ऐकत नाही. तो ऐकतो. यंत्र फक्त त्याचं ऐकतं."

मी विचारलं, "पण इतक्यांदा म्हटलं आणि जेवण नाही मिळालं, तर त्याच्या ध्यानात यायला नको का?"

"यायला हवं होतं, दोन-चार दिवसांत. म्हणूनच मी बुचकळ्यात आहे. दर वेळी त्याला काही देता का तुम्ही? काहीही?"

मी तुळशीच्या पानाचं सांगितलं.

त्यांनी पडद्यावरच्या टेकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या हातून त्याच्या जिभेवर काहीतरी येतंय ना. त्याला तेवढं पुरतं."

येताना रिक्षात पेंद्या माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपला. ह्यांनी सगळ्या वाटेत एकही टोमणा मारला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं.

पहिला उपाय मीच काढला. घरात नावं घ्यायचीच नाहीत. अकराही आवर्तनं मी चौकातल्या रामाच्या देवळात पिंपळाच्या पारावर बसून करायला लागले. झटके थांबले, पण पेंद्याने खाणं सोडलं. ह्यांनी थाळी ठेवली की तो हुंगायचा, तोंड फिरवायचा आणि देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहायचा. मी आले की माझ्या भोवती फिरायचा. त्याला दिसत नाही. बारा वर्षं नावांमागून थाळी आली होती. नावं झालीच नाहीत, तर समोर आहे ते जेवण कसं? दुसऱ्या दिवशी तो सोफ्याच्या पायावर आदळला, जी वाट तो झोपेतही चुकत नसे. माझा आवाज कुठे बसलाय त्यावर त्याचं घर उभं होतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने उलटी केली. पिवळं पाणी.

डॉक्टर त्या संध्याकाळी स्वतः घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, मग घेतला.

"दोनच मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे त्याला तीन-चार महिने दुसऱ्या घरी ठेवायचं. नवी माणसं, नवे आवाज."

"आंधळ्याला?" हे म्हणाले.

"हो. म्हणूनच तो मला पसंत नाही. दुसरा मार्ग असा. मी शेंगेचा दिवा बंद करते. परत सुया, सात आणि सात. तार चालू राहील, म्हणजे रेघ आपल्याला दिसेल. काकूंनी घरातच नावं घ्यायची, रोज अकरा, नवस आहे तेवढी. पण नंतर त्याला काही द्यायचं नाही. पान नाही, पाणी नाही, कुरवाळणंसुद्धा नाही. जेवण काकांनी द्यायचं, दुसऱ्या वेळेला, दुसऱ्या जागी, दुसऱ्या खुणेवर. काकूंनी थाळीला हातही लावायचा नाही."

"म्हणजे मी त्याला शिकवायचं काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "की तुमच्या नावांमागून काही मिळत नाही."

हे चहाचे कप उचलून आत ठेवून आले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"एकवीस. उजेड नसला की त्या पेशी सुकत जातात. एकवीस दिवसांच्या पुढे त्या परत उठतील याची मी खात्री देऊ शकत नाही. आणि दुसरी शेंग बसवायला या वयात भूल देणार नाही मी."

पहिल्या दिवशी सकाळी मी पाटावर बसले तेव्हा पेंद्या धावत आला. तीन दिवसांनी घरात नावं उमटत होती. शेपटी माझ्या पाठीवर आपटत होती. एकशेआठावं नाव झालं आणि त्याने तोंड उघडलं. पान माझ्या समोर होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. तो तसाच तोंड उघडून उभा राहिला, मग बंद केलं, मग माझ्या कोपराला नाक लावलं. मी दुसरं आवर्तन सुरू केलं.

पाच आवर्तनं म्हणजे तास-सव्वा तास. त्यात पाच वेळा त्याने तोंड उघडलं.

अर्ध्या तासाने गॅलरीतून टण टण असा आवाज आला. ह्यांनी आपली जुनी व्हॉल्व्हची चावी, ती हातभर लांब लोखंडी, कठड्यावर आपटली होती. "या साहेब, पाणी सुटलं!" पेंद्या घाबरून पलंगाखाली गेला. त्याला बाहेर काढून चमच्याने भरवायला ह्यांना तासभर लागला. सुई साताऐवजी नवाला गेली.

दिवस असेच सरत होते. पहाटे उठायचं, अंघोळ, पाट, पाच वेळा त्याला रिकामं पाठवायचं. मग ह्यांची टण टण, त्यांची मनधरणी, सुई, गुडघ्यांना तेल, जरा पडावं तोवर दुपार, की पुन्हा सहा आवर्तनं. मी शरीराने थकले होते, पण ते काही नवीन नाही. चौसष्ट वर्षांत पुष्कळ व्रतं केली, उपास केले, ओल्या साडीने प्रदक्षिणा घातल्या. प्रत्येकात मी देवापुढे काहीतरी ठेवायला बसले होते. या वेळी मी कुणाच्या तरी तोंडातून घास काढायला बसत होते, आणि तोही देवाचं नाव घेऊन. त्या थकव्याला तेल कुठे चोळायचं ते मला कळेना.

"देव काय म्हणतोय?" ह्यांनी एकदा विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"मी विचारलं नाही," मी म्हणाले.

रेघ उतरत होती. चौथ्या दिवशी टेकड्या अर्ध्या झाल्या, सातव्या दिवशी टेंगळाएवढ्या. टण टणच्या वेळेला मात्र नवी टेकडी उगवायला लागली. पेंद्या आता चावीचा आवाज झाला की भिंतीच्या कडेकडेने गॅलरीत पोचायचा. ह्यांचा हात चाटायचा. माझ्या ऑपरेशनचे चार दिवस सोडले, तर बारा वर्षांत ह्यांनी त्याला कधी भरवलं नव्हतं. आता हे त्याच्याशी बोलत बसायचे, कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह, कुठल्या नगरसेवकाने कधी शिव्या दिल्या. मी आतून ऐकायची.

दहाव्या दिवशी वद्य एकादशी होती. मला उपास. संध्याकाळचं शेवटचं आवर्तन झालं. पेंद्या आला होता, पण आता तो तोंड उघडत नव्हता, नुसता बसायचा. त्या दिवशी त्याने हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि श्वास सोडला, लांब. म्हातारी माणसं सोडतात तसा. माझा हात कधी पुढे झाला मला कळलं नाही. पान त्याच्या जिभेवर होतं.

मी ह्यांना सांगितलं नाही. सकाळी रेघेनेच सांगितलं. पहिल्या आवर्तनाला टेकडी पहिल्या दिवसापेक्षा उंच गेली.

"कितीदा दिलंत काकू?" फोनवर डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच."

"एकदाच दिलं ना, की तो म्हणतो कधीतरी मिळतं. रोज मिळणारं तो आठ दिवसांत विसरेल. कधीतरी मिळणारं विसरणं सगळ्यात जड."

"लोक लॉटरी सोडत नाहीत ते त्यामुळेच," हे मागून म्हणाले. फोन बंद झाल्यावर मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. माझ्यावर संतापतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून समोर बसले. "अगं, मी काल त्याला शेंगदाण्याएवढा जास्त भात दिला. डॉक्टरांना सांगू नकोस," म्हणाले.

दहा दिवस गेले होते, अकरा उरले होते, आणि आम्ही पुन्हा पायथ्याशी होतो. त्या दिवसापासून मी दोन्ही हातांत जपमाळ गुंडाळून बसायला लागले. आवर्तन झालं की हे यायचे, देवापुढचं पान उचलायचे आणि गॅलरीतल्या कुंडीत नेऊन टाकायचे. ज्या माणसाने लग्नापासून देवघरात पाय ठेवला तो फक्त दिव्याचं बटण दुरुस्त करायला आणि अलीकडे मध चोळायला, तो दिवसातून अकरा वेळा चप्पल काढून आत येत होता.

पेंद्या मात्र येईनासा झाला. चौदाव्या दिवशी दोन आवर्तनांना आला नाही. सोळाव्या दिवशी एकाही नाही. मी नावं घ्यायची, तो गॅलरीत ह्यांच्या खुर्चीखाली पाय पसरून पडलेला असायचा. कानसुद्धा हलत नसे. रेघ उतरली होती, डॉक्टर खूश होत्या. मला वाटायचं, शिकवण्यात मी हुशार निघाले. नवस फेडायचा म्हणून मी पुढे म्हणत राहायची. कधी कधी तर मी देवाला म्हणतेय की त्या न हलणाऱ्या कानांना, तेच कळायचं नाही.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आल्या. पेंद्याला मांडीवर घेऊन त्यांनी फोनवरून शेंगेला आज्ञा दिली. मानेवरचे केस तिथे अजून नीट उगवले नव्हते. तिन्हीसांजेच्या उजेडात कातडीखाली क्षणभर निळसर काहीतरी चमकलं आणि विझलं.

"दिवा लागतोय," त्या म्हणाल्या. "काका, चावी." टण टण झालं, रेघ चढली, दिवा लागला, पेंद्याने थाळी चाटूनपुसून खाल्ली आणि साखर जिथे राहायला हवी तिथे राहिली. सुई नव्हती. पेशी उठल्या होत्या.

"आता काकू," त्या म्हणाल्या. "सहाही करा. मी थांबते."

मध वाटीत काढून ठेवला. ह्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. मी पाटावर बसले, हातांत माळ गुंडाळली. तीन आठवडे दिवा बंद होता, काही चुकलं तर नुसती रेघ चढायची. आज दिवा चालू होता. मी पहिलं नाव घेतलं.

"सपाट," हे म्हणाले.

पन्नासाव्या नावाला, "सपाट." एकशेआठ झाली. पेंद्या गॅलरीत होता. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं होतं. मी दुसरं आवर्तन सुरू केलं, कारण पाच राहिली होती.

तिसाव्या नावाच्या आसपास मला नखांचा आवाज आला. हळू, अडखळत, गॅलरीच्या उंबऱ्यापाशी थांबून, मग भिंतीला अंग घासत. मी म्हणत राहिले. आवाज पाटाच्या मागे येऊन थांबला. मला वाटलं आता नाक कोपराला लागेल. लागलं नाही. तो खाली बसला, दोनदा जागा बदलली, आणि मग त्याची सगळी पाठ माझ्या पाठीला टेकली. ऊन ऊन, हाडं लागणारी.

"अहो, रेघ," मी दोन नावांच्या मध्ये कुजबुजले.

"सपाट."

"नीट बघा."

"बघतोय गं. साखर एकशेतीस. रेघ सपाट. तो काही मागत नाहीये."

डॉक्टर पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिल्या, मग पेंद्याकडे. "असं का आला?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्याच्यावर हात ठेवावा असं मला फार वाटलं. पण कुरवाळणं अजूनही बंदच आहे का, ते मी विचारलं नव्हतं, आणि विचारायला थांबले असते तर नाव तुटलं असतं. मी माळ तशीच धरून ठेवली. त्याच्या श्वासाबरोबर माझी पाठ पुढे जायची, मागे यायची, आणि माझी चाल आपोआप त्या श्वासावर पडायला लागली. नेहमीपेक्षा सावकाश. एकशेआठावं नाव झालं तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही. उठलाही नाही. ह्यांनी आत येऊन पान उचललं, त्याला ओलांडताना पाय जपून टाकला, आणि माझं पुढचं आवर्तन सुरू व्हायची वाट बघत दारातच उभे राहिले.